तुरीत शिरलेली मेंढरे आणि माझी फिर्याद

दिवाणी कशाला म्हणायचे आणि फौजदारी कशाला, एवढाच प्रश्न तुम्ही विचारलात, आणि सातवीला नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर दोन ओळींत देता यायला हवे, ते येतेही. पण तुम्ही लिहून घेणार असाल तर मी ते माझ्या शेतावरून सांगतो, कारण वर्गात मी ते बरोबर शिकवले आणि शेतावर चुकवले.

आम्ही कुंभारीचे. वडिलांच्या माघारी जमिनीचे दोन सारखे भाग झाले, एक थोरल्या भावाचा, सिद्रामअण्णाचा, एक माझा, मध्ये बाभळीच्या काट्यांची कुपाटी. माती तीच, पाऊस तोच. अण्णा दुसरीतून शाळा सोडलेला, मी ट्रेनिंग झालेला मास्तर, आणि तरी त्याची ज्वारी माणसाच्या डोक्यावर आणि माझी कमरेला. काय सांगू तुम्हाला, फळ्यावर लिहिताना खिडकीतून त्याचे रान दिसायचे, तर मी खिडकी लावून घ्यायचो, उकाडा असला तरी लावायचो.

कारण उघड होते. रब्बीच्या पेरणीआधी बिरा धनगर दरसाल आपली मेंढरे अण्णाच्या मोकळ्या रानात बसवायचा, आणि आठ-दहा रात्री मेंढरे बसली की लेंड्यांनी जमिनीला जोर येतो. मीही बिराला विचारले होते. तो म्हणाला, गुरुजी, तुमी अर्ध्यात तूर लावलीया, मेंढरू काय शाळंतलं पोर हाय व्हय, गप बसायला? म्हटले, अण्णाकडे बसते की. तर म्हणाला, अण्णाला तूर न्हाय.

ते मला लागले. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी रानात गेलो आणि माझ्या मोकळ्या तुकड्यापाशी दोन हात कुपाटी बाजूला केली, म्हणजे थोडी मेंढरे आपसूक इकडे येऊन बसतील, थोडे खत मलाही मिळेल, एवढाच हिशेब. सकाळी जाऊन पाहतो तर तूर शेंड्यापासून खुडलेली. आणि खरे सांगायचे तर तुरीचे दुःख मागून झाले, आधी मनात आले ते हे, की अण्णाचे रान खतावले आणि माझे खाल्ले गेले.

बिराची मेंढरे मी कोंडवाड्यात घालायला लावली आणि सायकलने सोलापूर गाठले. वकिलांनी मला नीट समजावले, गुरुजी, नुकसान भरून हवे असेल तर दिवाणी दावा लावा, तिथे तुम्ही वादी, तुम्ही भरपाई मागायची. शिक्षा हवी असेल तर फौजदारी, तिथे सरकार खटला चालवते, आणि त्याने ते मुद्दाम केले हे संशयाला जागा न ठेवता सिद्ध व्हावे लागते. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, शिक्षा नक्की कुणाला हवी, धनगराला, की ज्याच्या रानात तो बसतो त्याला? मी म्हणालो, कायद्याचे तेवढे सांगा.

आणि ठाण्यात लिहून दिले, बिराने जाणूनबुजून कुपाटी काढून मेंढरे घातली. जाणूनबुजून हा शब्द मी विचार करून घातला.

दुसऱ्या दिवशी हवालदार पंचनाम्याला आले. बिरा हात जोडून म्हणत होता, साहेब, आया कोंडवाड्यात हायती अन् कोकरं हितं तळावर, कालपास्नं दूद न्हाय त्यास्नी. हवालदार कुपाटीपाशी वाकले. काढलेले काटे माझ्या बाजूला रचलेले होते, सगळे बुडखे एकीकडे, सगळे शेंडे एकीकडे. म्हणाले, धनगर काटं काढंल तर फेकून दील, ह्यो तर पोरांच्या रांगा लावल्यागत लावून गेलाय. अन् गुरुजी, खोटी खबर दिली तर त्योबी गुन्हाच की, तुमीच शिकवता न्हवं?

पंचनाम्याला अण्णाही आला होता; तो त्या काट्यांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, हवालदारसाहेब, मीच काढली, जायला वाट केली अन् लावायची ऱ्हायली. मग कानडीत पाठच्या भावाला म्हणतात तसे हळूच मला म्हणाला, तम्मा, कागद माघारी घे.

घेतला. मेंढरे सुटली, बिरा सुटला. एक कोकरू मात्र आई येईपर्यंत टिकले नाही.

पुढच्या साली मी तूर लावली नाही, आणि अण्णाने स्वतः बिराला आणून माझ्या रानात बसवले. माझीही ज्वारी डोक्यावर गेली, तर गाव काय म्हणाले, अण्णानं केलं म्हणून मास्तरचं रान सुधारलं. ज्वारीचा हेवा गेला खरा, पण आता अण्णाच्या त्या ‘मीच काढली’ या एका वाक्याचा वाटतो. माझ्यासाठी खोटे तो इतक्या सहज बोलला, आणि मला त्याच्यापुढे खरे अजून बोलता आलेले नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे. देव त्याला उदंड आयुष्य देवो, हे मी मनापासून म्हणतो, निदान बहुतेक दिवस.

कायद्याचे जे सांगितले ते वाचणाऱ्यांनी माझ्या भरवशावर घेऊ नये, पुस्तकात पाहावे, वकिलाला विचारावे. कुपाटीचे अण्णालाही विचारावे. मीच काढली, असेच तो सांगेल; तरी विचारा, आणि ताडून पाहा.