उत्तरेला गेलेली लाँच

न्हाई, मी येणार न्हाई. तुझ्या बापाला सांग, हौशीराम दुकानात बसलाय, लोकांचे रेडिओ उघडून ठेवल्यात, सवड नाय. अंथरुणाला खिळलाय — खिळू दे. दहा वरसं न्हाई आठवलो त्याला? तू चहा घे, अमृत. तुझ्यावर राग नाय माझा. आहुप्यावरनं पार ओतूरपर्यंत आलास, तसाच कसा जाशील.

तुला काय सांगितलंय त्यानं? काय नाय ना? नायच सांगणार. आरं, आमी दोघं कोकणात, किनाऱ्यावरल्या वायरलेस स्टेशनात — समुद्रात कुणाची बोट अडकली की ती हाक मारणार, आमी छपरावरची गोल एरियल फिरवायची, फिरवता फिरवता रेडिओतला आवाज पार बंद झाला की त्या रेषेत बोट. पण रेषेला टोकं दोन. आमचं स्टेशन भूशिरावर, उत्तरेला बी पाणी, दक्षिणेला बी पाणी — मग बोट कुठल्या टोकाला? त्याला एक बटन व्हतं. ते दाबलं की खरी बाजू कळायची. दोन सेकंदांचं काम.

त्र्याण्णवला, दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी एका मासेमारी बोटीत पाणी शिरलं. मी दिशा काढली, उत्तर सांगितली. वाचवायला निघालेली लाँच उत्तरेला गेली. बोट दक्षिणेला व्हती. सात जण — चौघं जिवंत सापडले. मग चौकशी बसली. तुझा बाप, धर्माजी, शेजारच्याच खुर्चीत व्हता ना त्या दिवशी. एका ताटात जेवलेला माणूस, तुझ्या बारशाला मी घाट चढून आलतो — आन सायबापुढं उभा राहून म्हणला, 'हौशीरामनं बटन दाबलं न्हाई.' माझी नोकरी गेली. पुढं उपग्रह आलं, बोटी आपली जागा आपणच सांगाय लागल्या, स्टेशन बंद झालं — पण तुझा बाप पेन्शन घेऊन निघाला.

आन मी त्याला खोटं बोल म्हणलोच नव्हतो. चौकशीच्या आदल्या दिवशी हात धरून एवढंच म्हणलो, 'धर्मा, मला आठवत नाय, एवढं म्हण.' एवढंच रं. मैतरासाठी माणसाला एवढं विसरता येत नाय?

आसा काय बघतोस? घाई व्हती. रोजच्या बोटी उत्तरेकडनंच यायच्या, वाटलं ही बी तिकडचीच — लाँचवाले खोळंबले व्हते —

तिघांची नावं?

न्हाई. मी कधी विचारलीच न्हाईत.

जा तू आता. दुकान बंद करायचंय मला.