पाचवा शब्द

स्मृतिभ्रंशावर बावीस वर्षं संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई दाराआडच थबकल्या. बाहेरच्या बाकावर त्यांचं लाडकं म्हातारं जोडपं बसलं होतं. चाचणीतले पाचही शब्द दरवर्षी अचूक आठवून सांगणारं!

"म्हण बघू माझ्यामागून. घोडा, छत्री..."

"अहो, शब्द बाई आत सांगतीलच की."

"आत गेलीस की तुझी तारांबळ उडते. म्हण."

"आणि या वेळी शब्द बदलले असले तर?"

"बावीस वर्षांत बदललेत का? त्यांच्याही तेवढेच लक्षात राहत असतील! हं, घोडा, छत्री, शिडी, खिडकी आणि... आणि..."

"कंदील."

"तेच! तुला येतं का, ते बघत होतो."

"गेली तीन वर्षं हेच बघताय. हात पुढे करा, तळव्यावर लिहून देते."

"बाईंना दिसलं तर?"

"आजवर कुठे दिसलंय?"