पेटीवरच्या बाई

उत्तमराव : अन् ह्या चित्रात नाकात नथ काऊन घातली वं तिच्या? आमच्या लग्नातबी नव्हती घातली तिनं.

गीतांजली : कंपनीला हवी होती, गुरुजी. पुण्याचे साहेब म्हणतात, लोगोत नथ दिसली की मुलांना गोष्टी सांगणारी ही गोष्टपेटी मराठी वाटते.

उत्तमराव : अन् सत्यवतीनं तोंड उघडल्यावर? तवा नाही वाटत का?

गीतांजली : काढते मी नथ.

उत्तमराव : काढ. तुले बालवाडीत शिकवलं तिनं, तुले तं ठावं असलं पाहिजे. आण इकडे तो कम्प्युटर. हं. केस मस्त काढले. आजारपणात सगळे गेले होते. तू वापस आणून देल्ले.

गीतांजली : गुरुजी...

उत्तमराव : रडू नको वं. बरं आहे चित्र. पदर, चष्मा, तोंड उघडं, गोष्ट सांगून राहिली. आता हे सांग, पेटी बाजारात येते कवा? गल्लीतले पोट्टे रोज विचारतात, "आबा, बाई पेटीतून कवा बोलन?" मी म्हणतो, दिवाळीत.

गीतांजली : दिवाळीतच येतेय.

उत्तमराव : मंग झालं तं! किती खपली ती त्याच्यासाठी. भर मे महिना, अमरावतीचं ऊन, अन् पंखा बंद, कूलर बंद, आमी दोघं गोधडीच्या खाली. काऊन, तं बाहेरचा आवाज नको. मी आवाज भराले मोबाइल धरून बसलेलो, अन् ती घामानं निथळत कोल्ह्याची गोष्ट सांगे. खोकला आला की म्हणे, "कोल्ह्याले पडसं झालं." थांब, चहा ठेवतो.

गीतांजली : चहा राहू द्या. बसा जरा.

उत्तमराव : काय झालं?

गीतांजली : पेटीत बाईंचा आवाज नाही.

उत्तमराव : म्हंजे? खराब झाला का? आता पुन्हा तं नाही करता येत...

गीतांजली : खराब नाही झाला. काढून टाकला. आधी पुण्यातल्या काही घरांत पेट्या देऊन पाहिल्या. आयांनी कळवलं, भाषा रांगडी आहे, आमची मुलं तसंच बोलायला लागतील.

उत्तमराव : बोलतीन तं बोलतीन! वाघ खाते का त्यायले?

गीतांजली : आणि म्हणाले, पेटी मधेच बंद पडते.

उत्तमराव : कुठी बंद पडते?

गीतांजली : बाई विचारतात ना, "मंग कोल्हा काय म्हणे?" आणि गप्प होतात.

उत्तमराव : अवं, ती पोट्ट्यायसाठी थांबे! तू सोता बालवाडीत सांगत होती, कोल्हा म्हणे मले भाकर द्या. अन् ती म्हणे, "शाब्बास, अस्संच म्हणे."

गीतांजली : मी सांगितलं त्यांना. लई सांगितलं. पण तिथली मुलं पेटी हलवून पाहायची, चार्जिंग संपलं म्हणायची. शेवटी मशीनचा आवाज घातला. तो थांबतच नाही.

उत्तमराव : अन् हे चित्र?

गीतांजली : चित्र सगळ्यांना आवडलं. तेवढं ठेवलं. पेटीवर, खोक्यावर, जाहिरातीत, सगळीकडे बाईच. तुमची परवानगी पाहिजे, म्हणून मीच आली अकोल्याहून. तुम्ही नाही म्हणा, गुरुजी. मीबी सोडून देते हे काम.

उत्तमराव : काम कायले सोडतं? तुह्या लेकरानं ऐकला होता का वं तिचा आवाज?

गीतांजली : ऐकला ना. पाठच झाल्या गोष्टी. आता नवी पेटी घरी आणली, तं तो मधातच उत्तर देते. पेटी आपली पुढं बोलत जाते.

उत्तमराव : अन् मंग?

गीतांजली : मंग माह्याकडं पाह्यते.

(गीतांजली पर्समधून पेनड्राइव्ह काढते.)

गीतांजली : बाईंचा सगळा आवाज मी पेनड्राइव्हमध्ये आणलाय. तुमच्यासाठी. लावू?

उत्तमराव : नको.

गीतांजली : थोडासा?

उत्तमराव : नको, माय. ती विचारन, "मंग काय झालं?" अन् थांबन. मी काय सांगू तिले? ठेव तिथं, देव्हाऱ्यापाशी. पोट्टे आले म्हंजे लावू. ते देतीन उत्तर.

गीतांजली : मग कंपनीला काय सांगू?

उत्तमराव : लावा म्हणा चित्र. मी नाही म्हटलं, तं दुसरीच कोनी बाई नथ घालून बसवतीन. फक्त तोंड मिट तिचं. दुसऱ्याचा आवाज तिच्या तोंडात नको.

गीतांजली : मिटलं. हे पाहा.

उत्तमराव : हं. आता पदर जरासा मागं घे. कान दिसू दे.

गीतांजली : कान कशाला, गुरुजी?

उत्तमराव : तुह्या पोरासारखं एखादं लेकरू देईनच ना वं मधात उत्तर.