बाबल्याचा गिलावा

—आत नका जाऊ हो. इथे सावलीला बसा वायच. घळ काय पळून जात नाही, फोटो मागाहून काढा. आत आमची सून आहे, चिमा — देवाला दिवा लावतेय. माझा मुलगा बाबल्या मिरकरवाड्याच्या बंदरातून लाँच घेऊन मासेमारीला गेलाय ना, तो परत येईपर्यंत हा दिवा विझू द्यायचा नाही, जागचा हलवायचा नाही, रीत आहे आमची. घरची बाईच तेल घालते आणि झालं की घंटा वाजवते. अजून नाही ना वाजली? की माझेच कान गेलेत?

कोणी खोदली म्हणता? कोणी नाही. वाळूचा दगड हा — खारं पाणी आत मुरतं, उन्हात सुकतं, मीठ मागे राहतं, ते फुगतं आणि कण न् कण सुटा करतं, वारा झाडून नेतो. माझ्या आज्याला वाकून शिरायला लागायचं, आता ताठ उभं राहता येतं. पडेनात का कण — पण यंदा ते दिव्यात पडले आणि दिवा विझला, लाँच समुद्रात असताना. घास उतरेना घरात कोणाला. बाबल्या सुखरूप आला, आल्या आल्या सरकारी परमिटावरचं सिमेंट आणलान आणि सगळ्या छताला गिलावा केलान. मीही म्हटलं, झकास. पण दगडाचा वारा कोंडला हो. ओल आत, मीठ आत. काल काठीने ठोकलं तर पोकळ वाजतंय — फुगलाय गिलावा, बरोबर दिव्याच्या वर, कधी खाली येईल नेम नाही.

तिला सांगितलं का? सांगणारच होतो — सकाळी तेलाची वाटी घेऊन निघाली तेव्हा अगदी ओठावर आलं होतं. कालपासून घरात म्हणतो, गुडघे दुखतात म्हणून आत जात नाही. गुडघे धड आहेत माझे. भीती वाटते मला. आणि तिला थांबवली, तर दिवा? ते पश्चिमेचं आभाळ बघताय ना, रेडिओवरही वादळाचं सांगतायत. एकुलता एक आहे हो माझा. नको, हाक नका मारू तिला, नुसत्या आवाजानेसुद्धा—

वाजली. ऐकलंत ना तुम्ही? वाजली.

आली बघा. पदर झटकतेय, वरून पडलेली वाळू आहे ती. तुम्ही निघा आता, सावर्ड्याची गाडी चुकेल. आणि तिच्यासमोर यातलं काही बोलू नका. उद्या परत तेल घालायचंय तिला.