डाव्या हाताची टाकी

माझं नाव नागनाथ. गाव उमरग्याच्या अलीकडं, मोठ्या सडकंपासनं आत. म्या पाथरवट, बाप पाथरवट, आज्जा धोंडिबा बी पाथरवट, आमच्यात चालायला लागायच्या आधी लेकराच्या हातात टाकी येती, टाकी म्हंजे दगड घडवायची छन्नी वो. जाती केली, पाटं केलं, उखळं केली, देवळाच्या पायऱ्या केल्या. आता मिक्सर आल्यापासनं जातं कोण घेतंय, तरी बी एखादी म्हातारी गुळगुळीत झालेला पाटा टाकीनं खरबरीत करून घ्यायला येती, तिला बसवतो, च्या पाजतो, तेवढंच बरं वाटतं. हा हात बघा. हातोडी धरायचा हात माझा डावा. म्या डावखुरा हाय, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं समदं ह्याच्यावरच हाय, आणि ते सांगताना माझी मान वर हुनार न्हाय, तुमी लिव्हा, माझ्याकडं बघू नका.

गावाच्या उगवतीला खडकाईचा खडक हाय. लई उंच न्हाय, दोन पुरुष असंल, पण काळाभोर, आणि वरनं असा सपाट की पूर्वी बाया तिथं वाळवण घालायच्या. खडकाईला मूर्ती न्हाय. वरची एक फरशीवानी सपाट शिळा हुती, तीच देवी. आता ती शिळा तिथं न्हाय. निजामाच्या राज्यात सडक करायला एक इंग्रज साहेब आला हुता, त्यानं नदीकडंला बंगला बांधला, आणि दाराम्होरं पायरी पायजे म्हणून त्याची नजर गेली ती नेमकी त्या शिळंवर. समदा माळ दगडानं भरलाय, पण साहेबाला तीच पायजे. बंगला पडला आता, बाभळी उगवल्यात, पायरी अजून हाय, बुटानं झिजलेली.

आता आमच्या घरात काय सांगायचे ते ऐका. साहेबानं हुकूम सोडला, शिळा काढा, वेठीला माणसं धरली, आणि गावात तवा पाथरवट दोनच, माझा आज्जा धोंडिबा आणि त्याचा जोडीदार लिंबाजी. आज्जा म्हणला, देवीवर टाकी धरनार न्हाय. साहेबाच्या जमादारानं काठीनं आज्ज्याचा उजवा हात मोडला. तवापासनं आज्जा डाव्या हातानं हातोडी मारायला शिकला, आणि शिळा साहेबानं बाहेरगावचा पाथरवट आणून फोडली. गावानं आज्ज्याला डाव्या हातानं काम करताना बघितलेलं, मग आणि कशाची गवाही पायजे. दरसाल शाळंत झेंडावंदनाला मास्तर मला बोलवायचे, बाबा, आज्ज्याची गोष्ट सांगा, म्या सांगायचो, पोरं टाळ्या वाजवायची. काय सांगू तुम्हाला, चाळीस वर्सं सांगितली म्या ती गोष्ट, आणि पहिल्या खेपेला सांगितली तवाच मला ठावं हुतं ती खोटी हाय.

लगीन झालं त्या सालची गोष्ट. खडकावर घाणेरी लई माजली हुती, ती तोडायला गेलो, तर जिथनं शिळा काढलेली त्या कडंला वळीनं भोकं दिसली, नऊ. आमी मोठा दगड कसा फोडतो, वळीनं भोकं पाडायची, त्यात पाचरी ठोकायच्या, मग दगड त्या रेघंनं उलतो, अर्धं भोक हिकडं ऱ्हातं, अर्धं तिकडं. म्या सहज माझी टाकी एका भोकात ठिवली, काय न्हाय, खेळ म्हणून, आणि टाकी त्यात अशी बसली, जणू म्याच ती तिथं लावली हुती. उजव्या हातानं हातोडी मारनाऱ्याची टाकी एका अंगाला कलती, डाव्याची दुसऱ्या अंगाला, भोकाच्या आत ती रेघ ऱ्हाती, दुसऱ्याला दिसनार न्हाय, पाथरवटाला दिसती. नऊच्या नऊ भोकं डाव्या हाताची हुती. तिथंच खाली बसलो. आज्जा हात मोडल्यावर डावखुरा झाला असंल, तर शिळा फोडताना डावा हात आला कुठनं? बाहेरगावचा पाथरवट बी नेमका डावखुराच निघाला का? आणि म्या जल्मापासनं डावखुरा, माझा हात कुणी मोडला हुता? ते आमच्या रगतातच हाय, मोडण्या-बिडण्याचा काय संबंध न्हाय.

घरी येऊन बापाला त्या भोकांचं इचारलं. बाप पाट्याला टाकी लावत बसला हुता, त्यानं काम थांबवलं न्हाय. खाली बघूनच म्हणला, हात मोडला तो लिंबाजीचा. न्हाय म्हणला तो बी लिंबाजीच. लिंबाजी तिथं धुळीत लोळत हुता आणि जमादार काठी घिऊन तुझ्या आज्ज्याकडं वळला, तवा आज्ज्यानं टाकी उचलली, तू असतास तर काय केलं असतंस? म्या म्हणलं, मग गोष्ट उलटी कशी झाली? बाप म्हणला, लिंबाजी थोटा होऊन सोलापूरकडं पोट भरायला गेला, साहेब बी गेला, डोळ्यांनी बघितलेली माणसं बी खपली, मागं गावानं आज्ज्याचा डावा हात बघून आपल्या मनानंच जुळवलं, आज्ज्यानं न्हाय म्हणलं न्हाय, बस. पुढं लिंबाजीचं घर परत आलं, पण तवर गोष्ट पक्की झाली हुती. आणि मग बाप म्हणला, भोक हाय ते, कोण बघतंय त्याच्यात.

आज्जा भ्याला ह्याची मला लाज न्हाय, बघा. काठीम्होरं कोण बी भितंय. लाज हाय ती माझी सोताची. दुसऱ्या दिशी म्या चुन्यात काळी माती कालवली आणि नऊ भोकं बुजवून टाकली. मला कुणी सांगितलं न्हाय, कुणाची काठी न्हाय, माझ्या म्होरं जमादार उभा न्हवता.

लिंबाजीची नात गोदाबाई. शाळंत खिचडी करती, माझ्यापेक्षा धा-बारा वर्सांनी ल्हान, मला दादा म्हणती. त्यांच्या घरात दगडाचं काम तिथंच तुटलं, हातच गेला तर शिकवनार कोण, मग दुसऱ्याच्या रानात मजुरी. एक साल झेंडावंदनाला माझी गोष्ट झाली, टाळ्या झाल्या, आणि ही खिचडीचं पातेलं उतरवून पदराला हात पुशीत आली. म्हणली, दादा, आमचा बाप म्हणायचा हात तर आमच्या आज्ज्याचा मोडला हुता, मग दोघांचा बी मोडला का? तुमच्या आज्ज्याला मारलं तवा माझा आज्जा कुठं हुता? समदे मास्तर उभे, सरपंच उभा. आणि म्या काय म्हणालो असंल? म्या म्हणालो, पळून गेला असंल. ती तशीच पातेल्याकडं गेली आणि पोरांना वाढायला लागली, माझ्या पत्रावळीवर बी तिनंच वाढलं, आणि म्या खाल्लं वो ते.

मागल्या साली कालेजातल्या एक म्याडम आल्या, पोरापोरींना घिऊन, खडक शिकवायला. दगडाच्या डाक्टर म्हणा. आमच्याकडं काळ्या दगडाला लोक ग्रॅनाइट म्हणतात, यापारी म्हणतात म्हणून, म्या बी तेच म्हणालो. त्या हसल्या, म्हणल्या, बाबा, हा ग्रॅनाइट न्हाय, हा अग्नीचा रस हाय, जमिनीला भेगा पडून वर आला आन् पसरला, थरावर थर बसला आणि थिजला. म्या म्हणलं, मग ग्रॅनाइट कुठं हाय? म्हणल्या, हाय की, ह्याच्या लई खाली, त्यो लई जुना, आपल्याकडल्या त्या मोठ्या भूकंपानंतर खोल भोकं पाडून बघितलं तवा त्यो लागला. वरनं कितीबी थर बसले तरी खालचा कुठं जात न्हाय बाबा. त्यांनी आपलं पोरांसाठी सांगितलं, मला मातर माझी बुजवलेली भोकं आठवली.

आणि तेवढ्यात त्यांनी हातोडीनं कड ठोकली. एका भोकातला माझा चुना पडला, बाकीच्यांची वळ बी दिसायला लागली. म्हणल्या, ही भोकं कसली? म्या म्हणलं, पाण्यानं पडल्यात. म्याडमनी माझ्याकडं बघितलं, हळूच म्हणल्या, बाबा, पाण्यानं एका वळीत भोकं पडत न्हाईत. पोरांम्होरं आणि काय बोलल्या न्हाईत, माझी इज्जत ठिवली त्यांनी.

त्याच साली गिरामपंचायतीनं ठरवलं, खडकापाशी आज्ज्याच्या नावाचा दगड बसवायचा. आणि त्यो कोरायचा कुणी, म्याच. दगड घरी आणून टाकला. धोंडिबा, तीनच तर अक्षरं. टाकी धरली, हातोडी उचलली, आणि हात खाली येईना. तीन दिस बसलो. चौथ्या दिशी शाळा सुटल्यावर गोदाबाईला म्हणलं, चल खडकावर. ती म्हणली, काय काम हाय? म्हणलं, चल.

तिथं तिला बसवलं, तिचं बोट त्या उघड्या पडलेल्या भोकात घातलं, रेघ दावली, माझा डावा हात दावला, आणि समदं सांगितलं. आज्ज्याचं, बापाचं, चुन्याचं, आणि पळून गेला असंल म्हणालो ते बी खोटं हुतं हे सांगितलं. वाटलं रडंल, शिव्या दील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती लई येळ नुसतं त्या भोकातनं बोट फिरवीत बसली. मग म्हणली, माझा बाप मरताना बी हेच म्हणत हुता, आमीच त्याला गप कर म्हणलो, लोक हसत्यात म्हणून. आणि उठून गेली.

म्या पंचायतीत जाऊन कबूल केलं. काहीजण म्हणले, जाऊ द्या बाबा, आता कशाला. एकजण म्हणला, गावाचीच बेइज्जती. म्या म्हणलं, गावाची न्हाय, माझी. दगडावर लिंबाजीचं नाव घालायचं ठरलं. तसाच गोदाबाईच्या दारात गेलो, म्हणलं, बाई, मला एवढं करू दे, तुझ्या आज्ज्याचं नाव म्या कोरतो, असं कोरतो की शंभर वर्सं हालनार न्हाय. ती तांदूळ निवडत हुती. वर बघितलं न्हाय. म्हणली, नाव कोरा दादा, पण तुमच्या हातानं न्हाय.

बरोबरच हाय तिचं. उमरग्याचा एक पोरगा मशीन घिऊन आला, तासाभरात नाव घालून गेला. अक्षरं सरळ हायेत, पण दगडात खोल गेल्याली न्हाईत, मला कळतंय, पण म्या बोललो न्हाय, बोलायचा हक न्हाय मला. गोदाबाई रोज शाळंला जाताना तिथं घटकाभर थांबती. मला बघितलं की मान हलवती, दादा मातर म्हणत न्हाय. तिचं चांगलं होवो, तिच्या लेकरांचं चांगलं होवो, म्या एवढंच म्हणू शकतो.

आता सकाळच्या पाऱ्यात म्या खडकावर जातो आणि माझाच चुना माझ्याच टाकीनं उकरतो. दगडाला धक्का लागू द्यायचा न्हाय, आतली रेघ मोडू द्यायची न्हाय, म्हणून येळ लागतो. सात झाली. दोन ऱ्हायल्यात.