शांताबाईंचं भांडण

तेव्हा आम्ही नगरहून गावोगाव जाऊन मानसिक आजाराच्या पेशंटना गोळ्या द्यायचो आणि सहा महिन्यांनी, कोण किती सुधारलं, याचा फॉर्म भरायचो. कोल्हारच्या शांताबाई गोळ्या सुरू होण्याआधी दोन वर्षं कुणाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. फॉर्म भरायला गेलो तर नवरा एकटाच घरी.

मी विचारलं, "घरात भांडणं होतात का?"

"व्हय, रोज. सकाळीच भाजी खारट झाली म्हनून लई बोलली मला."

आमच्या फॉर्ममध्ये भांडण म्हणजे बिघाड. मी म्हणालो, "मग तब्येत बिघडली, असं लिहावं लागेल."

तो घाबरलाच. "काय बी लिवा सायेब, पर गोळ्या बंद करू नका. अडीच वर्सं मीच सैपाक करतुय, चव कशी हाय ते कुनी सांगतच नव्हतं."