पाण्यातलं चाक

— नाही नाही, हात खाली घेऊ नकोस, वरच राहू दे, काखेत टाचणी आहे, टोचली तर मला बोल लावशील. अगंतुगं करतेय, चालेल ना? आमच्या या निवृत्तांच्या वसाहतीत सगळ्या तसंच बोलतात, अहोजाहो फक्त डॉक्टरला आणि चर्चमधल्या पाद्र्याला. तर मी लवॉन. या गटाचे पोशाख अकरा वर्षं मीच शिवते. आणि तू नॅडीन, ओरेगनची, येऊन तीन आठवडे झाले, वय सहासष्ट — सगळं ठाऊक आहे मला, गट चालवणाऱ्या रोबर्टाने तुझा अर्ज आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलाय. सहासष्ट! पोर आहेस अजून. आमच्यातली सगळ्यात धाकटी बहात्तरची, आणि मी — मी ऐंशीला टेकलेय, वाटते का? खोटं बोललीस तरी चालेल. वळ जरा. हे बघ, छातीला नेमका बसलाय, कमरेला मात्र दोन बोटं सैल. ओपल कमरेत जाड होती. म्हणजे आहे. होती कशाला म्हणायचं, चांगली जिवंत आहे की.

हो, तिचाच हा पोशाख. का गं, किळस आली? धुतलाय बाई, दोनदा. नवा शिवायला वेळ कुठाय — मार्चच्या नऊ तारखेला आमचा पाण्यातल्या नाचाचा कार्यक्रम, आणि या निळ्या टिकल्या एकेक करून हाताने लावाव्या लागतात. लांबून बघणाऱ्याला काय, मासोळ्या चमकल्यासारखं वाटतं; माझी बोटं बघ, चाळणी झालीय. आणि चौदाच जणी लागतात, तेरा चालत नाहीत. तेरा जणींचं चाक वाकडं फिरतं, असं रोबर्टा म्हणते. ती शाळेत व्यायामाची बाई होती, चाळीस वर्षं शिट्टी वाजवली तिने, अजून गळ्यात आहे.

थांब हं. एक मिनिट. — नाही, काही नाही. खिडकीबाहेरून मोठी गाडी गेल्यासारखी वाटली. सामानाची. गोल्फच्या मैदानाची गवत कापायची गाडी असेल. कुठे होते मी? हां, कंबर.

ओपल माझी शेजारीण. आम्ही एकाच हिवाळ्यात आलो, मी मिनेसोटातून, ती नेब्रास्कातून, दोघीही बर्फ उपसून कंटाळलेल्या. मी एकटीच आले, तिच्याबरोबर नवरा होता. दुसऱ्याच महिन्यात गेला बिचारा, खोकी उघडायच्या आत. मग ही पडदे ओढून घरात बसायला लागली. मी रोज जायची, दार वाजवायची, आणि ती आतून ओरडायची, ‘मी झोपलेय!’ झोपलेला माणूस ओरडतो का? एक दिवस तिला हाताला धरून पोहण्याच्या तलावावर आणली. म्हटलं, रडायचंच आहे ना, मग पाण्यात रड, कुणाला कळणार नाही. हसली. तेव्हापासून अकरा वर्षं माझ्या उजव्या हाताला ओपल. इथलं असंच आहे बघ — वेळापत्रकाचा कागद दिला ना तुला? सोमवारी पत्ते, मंगळवारी बिंगो, बुधवारी ओळीतला नाच, गुरुवारी ते दगड घासून चकचकीत करणारे म्हातारे, शुक्रवारी घरून एकेक पदार्थ आणून एकत्र जेवण. लोक म्हणतात, काय मजा आहे तुमची! मजा आहेच. पण मधे एखादी दुपार मोकळी निघाली ना, की इथला माणूस पुन्हा तो कागद चाळायला लागतो. आणि गटातून नाव गेलं की माणूस दोन महिन्यांत दिसेनासा होतो. आधी जेवणाला येत नाही, मग चर्चला येत नाही, मग एक दिवस अंगणात विक्रीची पाटी. मी बघितलंय. किती जणांचं बघितलंय.

श्वास रोखून धरू नकोस गं, पोट आत घेतलंस तर माप चुकेल. पाण्यात कुणाचं पोट आत राहत नाही.

तर नाताळच्या कार्यक्रमात झालं ते. रोबर्टाने सांगितलं असेलच तुला — नाही? आश्चर्य आहे. चाक म्हणजे काय, तर सगळ्यांनी उताणं तरंगायचं, पाय मधे, डोकी बाहेर, हातात हात, आणि फिरायचं. आठ मोजायचे. आठव्याला सगळ्यांनी एकदम हात सोडायचे आणि उजवीकडे वळायचं, फूल उमलल्यासारखं. दोनशे माणसं बघायला, मुलं-नातवंडं आलेली, महापौरीणबाई पहिल्या रांगेत. आणि चाक मधेच फुटलं. बघतात तर ओपल मधोमध उभी — डोक्यावरची फुलांची टोपी गायब, नाकातोंडात पाणी, खोकतेय. लोकांना वाटलं गंमतच आहे, हसले. आणि ओपलचं बघ, तिने खोकता खोकता कमरेत वाकून नमस्कार केला सगळ्यांना! टाळ्या पडल्या. पण रोबर्टाचा चेहरा — देवा रे. शिट्टी तोंडात तशीच.

मग काय, सगळ्यांना आठवायलाच लागलं. ओपलने एकदा रोबर्टाला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. ओपलने दुसऱ्याच गोल्फ गाडीत जाऊन बसून चावी शोधली होती. बटाट्याच्या कोशिंबिरीत दोनदा मीठ घातलं होतं. अगं, आमच्यात कोण नाही घालत? पण एकदा बोट दाखवायचं ठरलं की सगळं त्या बोटाच्या टोकावर येऊन बसतं. रोबर्टाने आपल्या घरी बैठक बोलावली, आम्ही तेरा जणी, ओपलला बोलावणं नाही. लिंबाच्या वड्या केलेल्या, कॉफी. रोबर्टा म्हणाली, ‘मुलींनो, हे तिच्याच सुरक्षेसाठी आहे. उद्या बुडली तर?’ चार फूट पाण्यात! मग चिठ्ठ्या. रबराच्या टोपीत टाकल्या. काढायचं — सात, ठेवायचं — सहा. कुणी काय लिहिलं ते कुणाला ठाऊक नाही, गुप्त असतं ते. विचारायचंही नसतं. तूही विचारू नकोस.

पत्र गेलं तिला. छान कागदावर, वर कडेला शिंपला छापलेला. संध्याकाळी ती माझ्या दारात आली, पत्र हातात, पायात वेगवेगळ्या सपाता. म्हणाली, ‘लवॉन, तू माझ्या शेजारी होतीस. खरं सांग, मी काय केलं गं?’ मी म्हटलं, आत ये, चहा घे. म्हणाली, ‘चहा नको. मी मोजत होते. मला वाटतं मी मोजत होते. पण सगळ्या म्हणतात तर मीच हात सोडला असेल. मला आठवतच नाही बघ.’ मी म्हटलं, जाऊ दे ओपल, आपल्या वयात होतं असं. एवढंच म्हटलं. म्हणजे मी खोटं काही बोलले नाही. बोलले का? होतंच ना आपल्या वयात असं?

वळ. दुसरी बाजू. — किती वाजले तुझ्या घड्याळात? अकराच? बरं.

तिथून ती खचली. डॉक्टरकडे गेली, त्याने तपासलं, चित्रं काढायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले, म्हणाला काही झालेलं नाही, वयाच्या मानाने उत्तम. तर मला म्हणते, ‘डॉक्टरने मला पाण्यात कुठे पाहिलंय?’ गाडी चालवायची सोडली. शेगडीचं बटण बंद आहे का बघायला दहादा उठायची. बिंगोला आली तर आकड्यांचा कागद माझ्याकडे सरकवायची, ‘तूच बघ, माझं चुकेल.’ जिचं कधी चुकलं नाही तिचं! आणि मग एक दिवस स्वतःच मुलाला फोन करून सांगितलं, माझं डोकं चालेनासं झालंय, मला घेऊन जा. कर्टिस त्याचं नाव, चांगला मुलगा आहे. ओमाहाजवळ कुठल्याशा वृद्धाश्रमात खोली घेतलीय, एक पलंग, एक खुर्ची, जेवणाची घंटा वाजते. आज आलाय तो ट्रक घेऊन. बाराला निघणार. काल ती निरोप घ्यायला आली तेव्हा मी — मी घरी नव्हते. म्हणजे होते. स्वयंपाकघरात खाली बसून राहिले, दिवा न लावता. आणि सकाळी उठून इथे शिवणखोलीत आले. कुणीतरी कंबर आत घ्यायलाच हवी ना? कार्यक्रम काय माझ्यासाठी थांबणार आहे?

असू दे. हे बघ, आता कामाचं सांगते, नीट ऐक. तू माझ्या उजव्या हाताला येणार. ओपलच्या जागी. तर चाकात असताना एक करायचं — रोबर्टाला सांगायचं नाही, आपल्या दोघींतलं — पाचव्याला माझं बोट एकदा दाबायचं आणि आठव्याला दोनदा. हळूच. पाण्याखाली कुणाला दिसत नाही. कशाला म्हणजे? सवय आहे मला. कान पाण्यात असतात, संगीत नीट ऐकू येत नाही, चष्मा नसतो, वर नुसतं आभाळ. जमेल ना? सोपं आहे. ओपल दाबायची ना.

काय? मी काय म्हणाले? ओपल दाबायची म्हणाले. हो, दाबायची, दोन वर्षं दाबायची, त्यात एवढं काय? मैत्रिणी करतात एकमेकींसाठी. तिनेच ओळखलं होतं, मी सांगितलं नव्हतं तिला. सरावात एकदा मी डावीकडे वळले तर मला म्हणाली, ‘लवॉन, तू फक्त माझा हात ऐक.’ — नाताळला? नाताळलाही दाबलं असेल. असेल काय, दाबलंच. एकदा दाबलं. पाचव्याला. आणि मला — अगं मला वाटलं झाले आठ. मला खरंच वाटलं झाले. सोडला हात. वळले. माझी टाच कशावर तरी बसली, मऊसर, आणि मला कळलं, तिथल्या तिथे कळलं की हे तिचं तोंड आहे. वर येऊन डोळे पुसते तोवर ती उभी होती, टोपी नसलेली, आणि सगळे तिच्याकडे बघत होते. दोनशे माणसं, सगळी तिच्याकडे. माझ्याकडे एकही नाही.

असं बघू नकोस माझ्याकडे.

सांगणार होते मी. तिथे बैठकीतच सांगणार होते, तोंड उघडलंसुद्धा होतं. पण रोबर्टा माझ्या मागे येऊन उभी राहिली, पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, ‘लवॉन, तू तिची मैत्रीण, तुला किती जड जात असेल.’ तो हात पाठीवर असतानाच मी लिहिलं. काढायचं, असं लिहिलं. सातवी चिठ्ठी माझी होती म्हण. कुणाची तरी सातवी असतेच. तू इथे तीन आठवडे आहेस, तुला काय कळणार — मला मिनेसोटात कोण आहे? मुलगी आहे, तिच्या तळघरात एक सोफा आहे. मला तो सोफा नको होता. एवढंच. मला अजून एक मार्च पाण्यात काढायचा होता.

काय करतेस? काढतेस कशाला? अगं टाचण्या आहेत — हळू! फाटेल तो! नॅडीन, ऐक तरी, कंबर राहिलीय अजून... बरं. काढ. तिथे खुर्चीवर टाक. तुझे कपडे पडद्यामागे आहेत. तुला गटात यायचं नसेल तर नको येऊस, रोबर्टाला मी सांगेन की माप जमलं नाही. बुधवारच्या नाचात नाव घाल, तिथे कुणी कुणाचा हात धरत नाही.

कुणाचं घर? ओपलचं? तिसरी गल्ली, शेवटचं, पिवळ्या दाराचं. तुला कशाला हवंय? — तू काय सांगणार तिला? तू तर तिला पाहिलंही नाहीस कधी! परक्या बाईने जाऊन म्हणायचं का, की बाई गं, तुझं डोकं शाबूत आहे, तुझ्या मैत्रिणीने... नॅडीन. नॅडीन, थांब. किती वाजले म्हणालीस? वीस? अकरा वीस? मघाशी तर अकरा म्हणालीस.

नाही. तू नाही जायचंस. मी जाते. चष्मा कुठाय माझा — हा काय. आता काय, ट्रक भरून झाला असेल. ती पुढच्या सीटवर बसली असेल, पट्टा लावून, पर्स मांडीवर धरून. बसू दे. उतरवीन खाली. कर्टिससमोर सांगावं लागेल, त्या ट्रकवाल्या हमालांसमोर सांगावं लागेल, लागू दे. नको, सोबत येऊ नकोस, हात सोड माझा, तेवढा रस्ता येतो मला. तू इथे बस. रोबर्टा आली तर तिला म्हण — नको, काही म्हणू नकोस, तिलाही माझ्याच तोंडून ऐकू दे. आता बाजूला हो. दारातून बाजूला हो म्हणते ना.